दोन वर्षांच्या पदवीवर ट्रॅफिकच्या कामात: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची वाट

अमेरिकेतल्या कुठल्याही सिग्नलच्या चौकात उभं राहिलात की एका कोपऱ्यावर खांद्याएवढं उंच, ॲल्युमिनियमचं कपाट दिसेल. तिथल्या भाषेत ते ‘कॅबिनेट’. चौकातला प्रत्येक दिवा त्या कपाटातून चालतो. त्याची किल्ली ज्याच्या खिशात असते तो माणूस वेगळा आणि चौकाच्या आराखड्यावर ज्याचा शिक्का चालतो तो वेगळा. कम्युनिटी कॉलेज तुम्हाला किल्लीपर्यंत दोन वर्षांत नेतं. शिक्क्यापर्यंतही नेऊ शकतं, पण मग पहिल्या सेमिस्टरची फी भरण्याआधी एक निर्णय नीट घ्यावा लागतो. बहुतेकांचा घोळ तिथेच होतो, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करू.

आधी कामं समजून घ्या. शहर, काउंटी किंवा राज्याच्या वाहतूक खात्यात आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कन्सल्टंट कंपन्यांत साधारण चार प्रकारची माणसं असतात. इंजिनिअरिंग टेक्निशियन वाहनांची मोजणी करतो, वेगाचा अभ्यास करतो, चिन्हांचे आणि पट्ट्यांचे नकाशे काढतो. सिग्नल टेक्निशियन कॅबिनेट, डिटेक्टर आणि दिवे सांभाळतो. ट्रॅफिक मॅनेजमेंट सेंटरमधला ऑपरेटर कॅमेरे बघतो, अपघात नोंदवतो, रस्त्यावरच्या फलकांवर संदेश टाकतो. चौथा परवानाधारक इंजिनिअर, म्हणजे पीई. आराखड्यावर शिक्का चालतो तो याचाच. पहिल्या तीन कामांना दोन वर्षांची असोसिएट पदवी बहुधा पुरते. चौथ्याला एकटी पुरत नाही.

पगारातला फरकही आधीच बघून ठेवा. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांत सिव्हिल इंजिनिअरचा मध्यक वार्षिक पगार ९५,८९० डॉलर होता आणि सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्निशियनचा ६० हजारांच्या आसपास. ट्रॅफिक इंजिनिअर सिव्हिलमध्येच धरले जातात. सिग्नल टेक्निशियनला रात्रीच्या कॉलचा ओव्हरटाइम मिळतो, त्यामुळे हातात येणारी रक्कम बरीच वाढते. झोपेचं गणित मात्र बिघडतं.

पायरी १: तुमचा व्हिसा आणि हातातली पदवी

मराठी घरांत हा प्रश्न बहुधा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराच्या किंवा नुकतं ग्रीन कार्ड मिळालेल्याच्या तोंडी येतो. एच-४ वर कॉलेजात शिकता येतं. नोकरी करायची तर वेगळं वर्क परमिट लागतं आणि ते सर्वसाधारणपणे जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला असेल तरच मिळतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असोसिएट पदवी घेतली तर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी, मिळू शकते, पण पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) मुदतवाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या कामाला किमान बॅचलर पदवी लागते असं दाखवावं लागतं. टेक्निशियनचं पद त्यात बसत नाही. म्हणून केवळ अमेरिकेत राहण्याचा मार्ग म्हणून भारतातून थेट या पदवीला येऊ नका. ज्यांचा कामाचा हक्क आधीच पक्का आहे त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे. संघीय शिष्यवृत्ती, म्हणजे पेल ग्रँट, ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना मिळते, एच-४ ला मिळत नाही. स्थानिक रहिवाशाची कमी फी एच-४ ला लागू होते का, ते राज्यावर अवलंबून आहे. प्रवेश कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारा.

महाराष्ट्रातून सिव्हिलची बी.ई. करून आला असाल तर दुसरी पदवी घ्यायची गरज नाही. परवान्यासाठी तुमच्या बी.ई.चं मूल्यांकन एनसीईईएस ही परवाना परीक्षा घेणारी संस्था करते. कम्युनिटी कॉलेजात तुम्ही सुटे विषय घ्या: सिव्हिल थ्रीडी या रस्ते-आराखड्याच्या सॉफ्टवेअरचा एक आणि सर्वेक्षणाचा एक. करिअरमध्ये खंड पडला असेल तर बायोडेटावर अमेरिकी ट्रान्स्क्रिप्टची ती एक ओळ उपयोगी पडते. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर गोष्ट वेगळी. तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंगपासून आरसीसीपर्यंत सगळं केलेलं असलं तरी इथले मूल्यांकन करणारे तो बऱ्याचदा बारावी आणि थोडे वरचे क्रेडिट असाच धरतात. वाद घालण्यात वेळ घालवू नका. थेट कॉलेजच्या विभागप्रमुखांना अभ्यासक्रम दाखवून विषयागणिक सूट मागा. सर्वेक्षण आणि ड्रॉइंगमध्ये सूट मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

पायरी २: एएएस की एएस

घोळ होतो तो इथे. कम्युनिटी कॉलेज आपल्या कामाच्या दोन प्रकारच्या पदव्या देतं आणि दोन्ही साधारण ६० क्रेडिटच्या असतात. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणजे एएएस, थेट नोकरीसाठी असते. त्यात सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीसारखा कार्यक्रम येतो: कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग), सर्वेक्षण, मातीची आणि काँक्रीटची चाचणी, बीजगणित आणि त्रिकोणमितीवर आधारलेलं भौतिकशास्त्र. दुसरी असोसिएट ऑफ सायन्स, म्हणजे एएस. ती चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी असते. त्यात कॅल्क्युलसचे तीन-चार विषय, कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि स्टॅटिक्स, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांचा अभ्यास, येतं. हाताचं काम जवळजवळ नसतं.

नोकरीची घाई असणारा एएएस घेतो आणि ते बरोबरच आहे. अडचण पाच वर्षांनी येते. तेव्हा इंजिनिअर व्हायचं ठरतं आणि विद्यापीठ सांगतं की तुमचे निम्मेअधिक क्रेडिट आमच्या इंजिनिअरिंगच्या पदवीला चालत नाहीत. बीजगणितावरचं भौतिकशास्त्र कॅल्क्युलसवाल्या भौतिकशास्त्राच्या जागी बसत नाही, आणि मग सगळी शिडी खालून चढावी लागते.

यावर एक उपाय आहे आणि तो पहिल्या सेमिस्टरलाच करायचा असतो. एएएस घ्या, पण गणित आणि भौतिकशास्त्र मात्र ट्रान्स्फरच्या रांगेतलं घ्या. कॉलेज बहुधा वरचा विषय खालच्याच्या जागी मान्य करतं, उलटं कधीच करत नाही. कुठल्या पातळीचं गणित घ्यायचं ते ठरवणाऱ्या प्लेसमेंट चाचणीआधी दोन आठवडे त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम उजळून काढा. बारावीला गणित चांगलं असूनही सरावाअभावी कमी गुण पडले तर पूर्वतयारीचे एक-दोन विषय मागे लागतात. त्यांत पूर्ण सेमिस्टर जातं, पैसेही जातात आणि पदवीला क्रेडिट मिळत नाही.

कार्यक्रम निवडताना ‘एबेट’ या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता तपासा. हिच्या शाखांपैकी दोन इथे कामाच्या. ईएसी इंजिनिअरिंगच्या पदव्यांना मान्यता देते, ईटीएसी टेक्नॉलॉजीच्या. दोन वर्षांच्या कार्यक्रमाला असली तर ईटीएसीचीच असते आणि ती असणं चांगलंच. पुढे बॅचलर करताना मात्र हा फरक महागात पडतो. टेक्नॉलॉजीच्या बॅचलरवर काही राज्यं पीईला बसूच देत नाहीत, काही जास्त वर्षांचा अनुभव मागतात. ‘टू प्लस टू’ (दोन वर्षं इथे, दोन विद्यापीठात) करार म्हणून कॉलेज जे दाखवतं तो कुठल्या बॅचलरसाठी आहे, ते त्यामुळे लेखी विचारा. इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी हे शब्द जाहिरातीत एकमेकांच्या फार जवळ छापलेले असतात.

पायरी ३: ट्रॅफिकचा अभ्यासक्रम स्वतः जमवा

ट्रॅफिक इंजिनिअरिंग नावाची पदवी देणारं कम्युनिटी कॉलेज बहुधा सापडणार नाही. सिव्हिल टेक्नॉलॉजीत वाहतुकीवर एखादाच विषय असतो, कधी तोही नसतो. जे लागतं ते दोन विभागांतून उचलावं लागतं. सिव्हिलकडून सर्वेक्षण, कॅड, जीआयएस (संगणकीय नकाशे) आणि संख्याशास्त्र. इलेक्ट्रॉनिक्सकडून डीसी आणि एसी सर्किट, जमल्यास नेटवर्किंगचा पहिला विषय, कारण आजचा सिग्नल फायबरवर आणि आयपी पत्त्यावर चालतो. दोन्हीकडचं येणारा उमेदवार दुर्मिळ असतो. कॅड येणारे पुष्कळ, मल्टिमीटर धरता येणारे पुष्कळ. दोन्ही येणारा मुलाखतीत लक्षात राहतो.

सोबत एमयूटीसीडी वाचायला लागा. चिन्हं, पट्टे आणि सिग्नल यांचं हे राष्ट्रीय मॅन्युअल फुकट मिळतं. त्याची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. हजारावर पानं आहेत, सगळी वाचू नका. भाग ४ सिग्नलचा आणि भाग ६ रस्त्यावरच्या कामाच्या जागेचा, एवढे दोन पुरे.

पायरी ४: मोजणी

पहिल्या नोकरीत पहिल्या महिन्यात हेच काम येतं. टर्निंग मूव्हमेंट काउंट म्हणजे चौकाच्या प्रत्येक बाजूने किती गाड्या डावीकडे, सरळ आणि उजवीकडे गेल्या, दर १५ मिनिटांना. सोबत पादचारी आणि सायकली. वेळ साधारणपणे सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरतात. सोमवार आणि शुक्रवार हे दोन दिवस टाळतात, शाळेची सुट्टी तर नक्कीच टाळायची. आता बहुतेक ठिकाणी खांबावर कॅमेरा लावून संगणकाकडून मोजून घेतात, पण आकडे पटतात का ते माणूसच बघतो.

एक उदाहरण करून बघा. चार पावतासांत २२०, २६०, ३१० आणि २५० गाड्या आल्या. तासाची बेरीज १,०४०. सर्वांत भरलेला पावतास ३१०, त्याची चौपट १,२४०. बेरजेला याने भागलं की ०.८४ येतं. हा पीक अवर फॅक्टर. १ च्या जवळ असेल तर वाहतूक तासभर सारखी, कमी असेल तर एका झटक्यात येणारी. शाळेसमोर किंवा कारखान्याच्या पाळीच्या वेळी तो खाली घसरतो. तिथे तासाच्या सरासरीवर सिग्नल बसवला तर रांग मागच्या चौकापर्यंत जाते.

नवख्याची ठरलेली चूक अशी: स्टॉप लाइनवरून गेलेल्या गाड्या मोजायच्या आणि त्यालाच मागणी समजायचं. हिरवा दिवा संपल्यावरही रांग उरत असेल तर तुम्ही त्या लेनची क्षमता मोजलीत, किती लोकांना जायचं होतं ते मोजलं नाही. मग अहवालात सर्वांत तुंबलेला चौक ठीकठाक दिसतो. रांग उरली तर दर १५ मिनिटांच्या शेवटी थांबलेल्या गाड्यांचा आकडा वेगळा लिहा.

पायरी ५: कॅबिनेटच्या आत

इलेक्ट्रॉनिक्सचे विषय इथे कामी येतात. कॅबिनेटची दोन घराणी आहेत. एक ‘नेमा’ या विद्युत उत्पादकांच्या संघटनेचं, टीएस-१ आणि टीएस-२. दुसरं कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्ककडून आलेलं १७० आणि पुढचं २०७०. मूळ भाग दोन्हीकडे तेच. कंट्रोलर ठरवतो कुणाला हिरवा द्यायचा. लोड स्विच त्या हुकमावर १२० व्होल्टचा प्रवाह दिव्याकडे सोडतो. डिटेक्टर सांगतो की गाडी आली. आणि मॉनिटर कुणाचंच ऐकत नाही: एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांना एकदम हिरवा दिसला की तो सगळा चौक लुकलुकत्या दिव्यांवर टाकतो. फेजचे, म्हणजे प्रत्येक हालचालीच्या पाळीचे, आकडे पाठ करा: नेहमीच्या मांडणीत सम आकडे सरळ जाणाऱ्यांचे, विषम आकडे डावीकडे वळणाऱ्यांचे.

मॉनिटरमध्ये एक छोटं कार्ड असतं. कुठल्या दोन दिशा एकत्र हिरव्या चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं, पण तारेच्या भाषेत. नेमाच्या कार्डवर जम्पर जोडला म्हणजे त्या जोडीला परवानगी. १७० च्या कार्डवर डायोड असतात आणि डायोड कापला म्हणजे परवानगी. एका घराण्यात शिकलेला माणूस दुसऱ्यात गेला की इथे गोंधळतो, आणि इथला गोंधळ थेट जिवावर बेतू शकतो. म्हणून कार्ड बदललं की प्रत्येक निषिद्ध जोडी मुद्दाम एकत्र पेटवून मॉनिटर चौक लुकलुकता करतो का ते तपासायचं, तोवर कपाट चालू करायचं नाही.

रोजची तक्रार बहुधा अशी: ‘आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी त्यालाच हिरवा मिळतो.’ याचं कारण बहुतेकदा डांबराखालच्या तारेत सापडेल. रस्त्यात ६ फूट बाय ६ फूट चौकोनी खाच पाडून तारेचे तीन-चार वेढे पुरलेले असतात. हा लूप. तीन वेढ्यांचं इंडक्टन्स सुमारे ७५ मायक्रोहेन्री, आणि कपाटापर्यंतच्या केबलचे दर १०० फुटांना आणखी २२ च्या आसपास. वरून लोखंड गेलं की ते कमी होतं, तेवढ्यावरून गाडी कळते. तार तुटली तर डिटेक्टर सुरक्षिततेसाठी ‘गाडी आहे’ असंच सांगत राहतो, कारण गाडी असून न दिसण्यापेक्षा ते बरं. तपासताना आधी वेढ्याचा रोध मोजा, तो फार तर काही ओहम हवा. मग जमिनीशी इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, ५०० व्होल्टवर. १०० मेगोहमच्या खाली आलं तर खाचेत पाणी शिरलं असं समजा. पाऊस पडला की बिघडतो आणि उन्हात सुधारतो असा लूप याच जातीचा. शेजारच्या दोन लेनचे डिटेक्टर एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर ते एकमेकांच्या गाड्या मोजतात. स्विच फिरवून एकाची फ्रिक्वेन्सी बदला.

दुसरा फसवा बिघाड एलईडीचा. हिरव्याचा एलईडी आतून तुटला की सर्किटवर भार उरत नाही. लोड स्विच बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो, आणि भार नसल्यामुळे तारेवर व्होल्टेज चढतं. मॉनिटरला वाटतं हिरवा पेटलाय, लालही पेटलाय, आणि तो चौक लुकलुकता करतो. तुम्ही साधा डिजिटल मल्टिमीटर लावला तर तोही बरंचसं व्होल्टेज दाखवतो, मग चांगला लोड स्विच उगाच बदलला जातो. कमी रोधाचा मीटर लावा किंवा त्या तारेवर साधा बल्ब जोडा. भुताटकीचं व्होल्टेज लगेच खाली बसतं. एसी सर्किटचा विषय मनापासून केलेल्याला हे पाच मिनिटांत कळतं. न केलेला दुपार घालवतो.

पायरी ६: पिवळा, पादचारी आणि शंकू

तीन हिशेब तोंडी यावेत. पिवळा दिवा साधारण ३ ते ६ सेकंदांचा असतो. सपाट रस्त्यावर वेग फूट प्रति सेकंदात घ्या, २० ने भागा, १ मिळवा. ताशी ३५ मैल म्हणजे ५१.३ फूट; उत्तर ३.५७, म्हणजे ३.६ सेकंद. पादचाऱ्याला सेकंदाला ३.५ फूट धरून ओलांडायची वेळ द्यायची: ६० फुटांच्या रस्त्याला १७.१ सेकंद, आणि त्याआधी चालायला सुरुवात करण्याचे साधारण ७. लेन बंद करताना शंकूंची तिरपी रांग ताशी ४० मैलांपर्यंत अशी काढतात: लेनची रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ६०. बारा फुटांची लेन आणि ३५ मैल वेग असेल तर २४५ फूट. शंकूंमधलं अंतर जास्तीत जास्त वेगाच्या आकड्याइतके फूट, म्हणजे ३५. सात अंतरं, आठ शंकू. ४५ मैल आणि वर सूत्र बदलतं, नुसती रुंदी गुणिले वेग.

पायरी ७: प्रमाणपत्रं आणि अर्ज

सिग्नलच्या कामात आयएमएसए या संस्थेची प्रमाणपत्रं चालतात. ही संस्था १८९६ पासूनची आहे. आधी वर्क झोनचं, म्हणजे रस्त्यावरच्या कामाच्या जागेचं, मग ट्रॅफिक सिग्नल टेक्निशियन लेव्हल १. ही दोन शिकतानाच करून टाका. लेव्हल २ साठी कामाचा अनुभव लागतो, त्याची घाई नको.

जाहिराती शोधताना ‘ट्रॅफिक इंजिनिअर’ टाकाल तर फक्त पीईच्या जागा दिसतील. इंजिनिअरिंग टेक्निशियन, ट्रॅफिक सिग्नल टेक्निशियन, सिग्नल इलेक्ट्रिशियन, टीएमसी (ट्रॅफिक मॅनेजमेंट सेंटर) ऑपरेटर हे शब्द टाका. सिग्नलच्या पदांना बकेट ट्रकसाठी (माणसाला उंच उचलणारी गाडी) अनेक ठिकाणी सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनाचा परवाना लागतो. रंगांधळेपणाची चाचणीही होते. वर्षभर शिकून तिथे अडकण्यापेक्षा डोळे आधी तपासून घ्या. सरकारी जागांचे अर्ज वाचणारा बरेचदा फक्त जाहिरातीतल्या अटी आणि तुमचा फॉर्म ताडून बघतो. ‘बायोडेटा पाहा’ असं लिहिलेला रकाना त्याच्या लेखी रिकामाच. प्रत्येक अट त्याच शब्दांत, महिने आणि तास घालून भरा. उन्हाळ्यातली विद्यार्थी-सहायकाची तात्पुरती जागा मिळाली तर पगार कमी असला तरी घ्या. शहराच्या खात्यातली कायमची जागा पुष्कळदा तिथूनच भरते.

पायरी ८: शिक्क्याकडे

टेक्निशियन झाल्यावर कार्डावर ‘इंजिनिअर’ लिहू नका. ही बाब गमतीची वाटते, पण ओरेगनमध्ये ती न्यायालयापर्यंत गेली. मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी बायकोला लाल दिव्याच्या कॅमेऱ्याचा दंड झाल्यावर पिवळ्या दिव्याच्या सूत्रातली उणीव शोधली: वळणारी गाडी वेग कमी करते, हे सूत्रात धरलेलंच नाही. पत्रांत त्यांनी स्वतःला इंजिनिअर म्हटलं. २०१७ मध्ये राज्याच्या मंडळाने परवान्याशिवाय इंजिनिअरिंग केल्याबद्दल ५०० डॉलर दंड केला. पुढच्या वर्षी संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२० मध्ये वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेने, आयटीईने, त्यांचं सुधारित सूत्र आपल्या मार्गदर्शनात घेतलं. सूत्र बरोबर ठरलं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून तुमच्या राज्याच्या मंडळाशी पंगा घेऊ नका.

परवान्याचा रस्ता असा: ईएसी मान्यतेची बॅचलर, एफई ही पायाभूत विषयांची पहिली परीक्षा, साधारण चार वर्षं पीईच्या हाताखाली काम, मग पीई सिव्हिल, वाहतूक शाखा. एफई ११० प्रश्नांची, पीई ८० प्रश्नांची. त्यानंतर पीटीओई हे ट्रॅफिकचं खास प्रमाणपत्र. त्यासाठी अमेरिकेत आधी पीई लागतं. कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे. तिथे पदवी नसली तरी अनुभवाची वर्षं भरून अर्ज करता येतो, आणि सिव्हिलच्या परवान्याला भूकंप आणि सर्वेक्षण या दोन जादा परीक्षा असतात. त्यातल्या सर्वेक्षणाच्या परीक्षेला कम्युनिटी कॉलेजात टोटल स्टेशन हे सर्वेक्षणाचं यंत्र लावून काढलेले शनिवार कामी येतात. अनेक शहरं नोकरी करताना शिकणाऱ्याची फी भरतात; रुजू होण्याआधी ते विचारा, नंतर विचारलं तर पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबावं लागतं.

शेवटी एक कारकुनी काम, पण ते पहिल्या दिवसापासून करायचं. प्रत्येक विषयाचा त्या सेमिस्टरचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, पाठ्यपुस्तकाच्या नावासकट. आठ वर्षांनी बॅचलरला ट्रान्स्फर होताना विद्यापीठ तोच मागतं. तोवर शिकवणारे निवृत्त झालेले असतात, कॉलेजची वेबसाइट दोनदा बदललेली असते, आणि स्टॅटिक्सचे तीन क्रेडिट त्या एका कागदावर अडून राहतात.